वरच्या गटातली जोडी

अंतिम सामना अडीचला होता आणि सव्वा वाजता धाकट्या जावेला पंचबाईंच्या खोलीत बोलावणं आलं. तिच्याविरुद्ध तक्रार होती. ही बाई हौशी नाही, व्यावसायिक आहे, मग हौशी गटात हिला घेतलंच कसं?

"डोकी फिरलीत लोकांची," थोरली जाऊ म्हणाली. दोघी जावा मिळून शिवणकामाचं दुकान चालवायच्या आणि गिऱ्हाईक नसलं की दुपारभर व्हिडिओ गेम खेळायच्या. त्याच खेळाच्या स्पर्धेत हौशी गटातल्या चार जोड्यांना धूळ चारून त्या इथवर आल्या होत्या. "सांग त्यांना, काजं-बटणं करणाऱ्या बायका आहोत आम्ही!"

धाकटीला बाकावर बसवेना. उठली, पाणी प्यायली, बसली, पुन्हा उठली.

दोघी आत गेल्यावर पंचबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "दोन वर्षांच्या आत कुठल्या संघाशी करार झाला असेल, तर नियमानं तो व्यावसायिक. तुमचा झाला होता?"

"आठ महिन्यांचा."

थोरलीनं गर्रकन मान वळवली.

"सामने किती खेळलात?"

"एकही नाही. त्यांच्या खेळाडूंना सरावाला समोर कुणीतरी लागायचं. मी रोज सहा तास त्यांचा मार खायचे. पुढेपुढे मीच त्यांना मारायला लागले, तेव्हा म्हणाले, आता पुरे."

पंचबाईंना हसू आवरेना. मग त्यांनी एक कोरा कागद पुढे केला. "तक्रारीसोबत आलेल्या तुमच्या करारात 'सराव सहायक' लिहिलंय. 'मी खेळाडू नव्हते' एवढं लिहून द्या. तक्रार फेटाळते. जा, खेळा."

धाकटीनं पेन उचललं. संघातले तिला 'सराववाली' म्हणायचे. घरी तर सगळ्यांना वाटायचं, ही कपडे बेतायच्या वर्गाला जाते. उभ्या जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिला खेळाडू म्हटलं होतं, तेही तक्रार करणाऱ्यानं! आणि आता तिनंच ते खोडायचं? हात पुढे सरकेना.

"नाही लिहिणार," ती म्हणाली. "खेळाडूच होते मी."

"अगं ए शहाणे, अंतिम सामना आहे!" थोरली ओरडली.

पण पेन खाली ठेवलं गेलं होतं. पंचबाईंनी शिक्का मारला: व्यावसायिक. जोडी बाद.

बाहेर आल्यावर थोरली रागानं लाल झाली होती. "आठ महिने! आणि मला पत्ता नाही. मी काय परकी होते?"

"हसाल म्हणून नाही सांगितलं, जाऊबाई."

"हसलेच असते. मग विचारलं असतं, काय काय शिकलीस."

एवढ्यात पंचबाई दारात आल्या. "वरच्या, म्हणजे व्यावसायिक गटात एक जोडी आलेली नाही. हौशी माणसाला वर खेळायला बंदी नाही, व्यावसायिकाला खाली यायला आहे. साडेतीनपर्यंत नाव देता येईल."

थोरलीनं धाकटीकडे पाहिलं, ओठ आवळले आणि तरातरा नाव द्यायला गेली.

चार वाजता त्या खेळायला बसल्या. समोर नेमके धाकटीच्या जुन्या संघातले दोघे. अकरा मिनिटांत त्यांनी दोघींचा धुव्वा उडवला. धाकटीला हरल्याचं दुःख होतं, पण तोंडावरचं हसू काही जाईना.

"तो डावीकडचा दर वेळी मागूनच येतो, हे तुला माहीत होतं ना?" थोरलीनं विचारलं.

"हो."

"मग बोलायला काय झालं होतं गं?"

आणि जिना उतरेपर्यंत दोघी तावातावानं भांडत राहिल्या.