हस आधी

माझं तोंड फटकळ आहे, हे आमच्या मानसशास्त्र विभागात शिपायापासून प्रमुखांपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. त्यामुळे त्या दुपारी पोरांच्या खेळखोलीच्या काचेमागे बसल्या बसल्या माझी दातखीळ बसली, तेव्हा शेजारी कॅमेरा सांभाळणाऱ्या बाई घाबरल्या. त्यांना वाटलं, मला चक्कर आली. चक्कर परवडली असती.

आमच्या संशोधनाची दोन टोकं. एका टोकाला कॉलेजातली मुलंमुली. त्यांच्या कानाला हेडफोन लावायचा, प्रेमात पडलेल्या जोडप्यांची भांडणं ऐकवायची, आणि ‘आता अति झालं’ असं वाटेल तिथे त्यांनी बटण दाबायचं. दुसऱ्या टोकाला बालवाडीतली पोरं. त्यांना बाहुल्यांची अर्धीच गोष्ट सांगायची, पुढची त्यांनी खेळून दाखवायची. राग, भीती, रुसवा हे सगळं पोरं कुठून उचलतात आणि मोठेपणी प्रेमाच्या नावाखाली काय काय खपवून घेतात, यातला धागा मला शोधायचा होता. त्यासाठी मी जिवाचं रान केलं होतं.

भांडणं रेकॉर्ड करायला आधी दोन नट आणले. ते इतके घशातून बोलत होते की ऐकणारी मुलं खुसुखुसु हसायला लागली. शेवटी मी माझ्या लेकीला धरलं, आणि तिच्या मित्राला. मित्र म्हणजे नुसता मित्र नव्हे, हे सगळ्यांना माहीत होतं. मी त्याला ‘गुणी बाळ’ म्हणायचे. आमच्याकडे आला की बूट जागेवर, चहाचा कप विसळून पालथा, आणि वर ‘काकू, तुम्ही बसा हो.’ लेकीच्या बापाने उभ्या जन्मात कप विसळला नव्हता, तेव्हा मी पाघळले यात नवल ते काय.

संवाद मी स्वतः लिहिले होते. एका प्रसंगात मुलगी मैत्रिणीकडून उशिरा येते आणि तो तिच्यावर ओरडतो, असं होतं. हा ओरडलाच नाही. अगदी हळू, लाडात म्हणाला, “हस आधी. मग दार उघडतो.” मी लिहिलेलं नव्हतं हे. नाक ओढल्याचा बारीकसा आवाज आला, आणि मग माझी लेक हसली. छोटंसं, धाप लागल्यासारखं हसू. मी यंत्राच्या अलीकडून टेबलावर थाप मारली. याला म्हणतात अभिनय! तुकडा जसाच्या तसा ठेवला.

आणि तोच तुकडा गाजला. कारण तिथे बहुतेक मुलांनी बटण दाबलंच नाही. विचारलं तर म्हणाली, त्यात काय, तो ओरडला नाही, हात लावला नाही, गोड तर बोलतोय. मग काय, मला स्फुरणच चढलं. परिषदेत तो तुकडा ऐकवला आणि तावातावाने बोलले की आपल्या मुलांना गोड आवाजातला धाक ओळखता येत नाही. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत माझी लेक आणि गुणी बाळ बसले होते, तोही टाळ्या वाजवत होता.

येत्या रविवारी लेक त्याच्याकडे राहायला जाणार होती. खोकी भरून झाली होती. मी माझा चांगला तवासुद्धा तिला काढून दिला होता.

आता पिटुकलीचं. पिटुकली माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण नर्स आहे, तिची ड्यूटी असली की पिटुकली दुपारची आमच्याकडे, माझ्या लेकीजवळ. गुणी बाळही बऱ्याचदा तिथे असायचा, त्याला ती दादा म्हणायची. त्या दिवशी ठरलेलं मूल तापाने आलं नाही आणि नवा कॅमेरा तर तपासायचा होता. ओळखीचं मूल खऱ्या नोंदीत घ्यायचं नाही हा आमचा नियम, पण रंगीत तालमीला हरकत नसते. बहिणीला फोन करून विचारलं आणि पिटुकलीला आणून बसवलं. ती खूश.

पोरांना खेळवणारी आमची सहकारी, तिला आम्ही बाहुलीताई म्हणतो, तिने नेहमीची गोष्ट सुरू केली. मुलगी-बाहुली मैत्रिणीकडे खेळायला जाते, परत येते, तर मुलगा-बाहुला रागावलेला असतो. पुढे काय झालं, तू दाखव. इथे पोरं काय करतात हे मला झोपेतून उठवून विचारा. बाहुल्यांची टाळकी आपटतात, आईला बोलावतात, नाहीतर दोघांना एकदम जेवायला बसवतात.

पिटुकलीने काहीच आपटलं नाही. लाकडी घराचं दार तिने हलकेच लावलं. बाहुल्याला दाराशी उभं केलं, बाहुलीला कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. मग आवाज बारीक केला, लाडात आणला आणि म्हणाली, “हस आधी. मग दार उघडतो.”

माझी दातखीळ बसली ती इथे. तो तुकडा विभागाबाहेर फक्त त्या परिषदेत वाजला होता, आणि पिटुकली तेव्हा तिच्या आईजवळ होती. तिने तो ऐकायला मार्गच नव्हता.

बाहुलीताईला यातलं काही लक्षात आलं नाही. आमच्या शिस्तीप्रमाणे तिने चेहरा कोरा ठेवून विचारलं, मग बाहुली काय करते? पिटुकलीने बाहुलीचं तोंड फ्रॉकच्या टोकाने पुसलं. “आधी डोळे पुसते. मग हसते.” तिने खोक्यातून एक चिमुकली बाहुली शोधून काढली आणि दाराबाहेर बसवली. ही कोण? “ही छोटी. तिला दादाने चॉकलेट दिलंय. तो म्हणाला, हा आमचा खेळ आहे, मावशीला नाही सांगायचं.”

मावशी काचेच्या पलीकडे होती.

मी उठले ती खुर्ची पाडूनच. पिटुकलीला कडेवर घेतलं आणि गाडीत घातलं. जगाला शिकवत हिंडले आणि माझ्याच लेकीचं रडू मी लोकांना उत्तम अभिनय म्हणून वाजवून दाखवलं. लाज वाटली, संताप आला, आणि त्याहून जास्त भीती. रविवार तोंडावर आला होता.

घरी पोचले तर दार सताड उघडं. गुणी बाळ हातात खोकं घेऊन उभा. म्हणाला, थोडंसं सामान आजच नेतोय काकू, तुम्ही काही उचलू नका. लेक त्याच्या मागे.

मी तिलाच विचारलं, “रेकॉर्डिंगमधलं ते दाराचं वाक्य खरं होतं ना?”

तिने आधी त्याच्याकडे पाहिलं. “नाटक होतं, आई.”

तो हसून तिला म्हणाला, “बघ, काकू किती घाबरल्या. चेहरा कसा केलायस! हस बघू आधी.”

लेक हसली. तेच ते, धाप लागल्यासारखं. आणि माझं बोट कुणीतरी घट्ट दाबलं. खाली पाहिलं तर पिटुकलीही हसत होती. ओठ ताणून, सगळे दात दाखवून, डोळे त्याच्यावर रोखून.

इतकी वर्षं पोरांचे चेहरे वाचतेय मी. असं काही पाहिलं नव्हतं.

“खोकं खाली ठेव आणि चालायला लाग,” मी म्हणाले. मला ओरडायचं होतं, पण आवाजच चढेना. तो माझ्याशी बोललाच नाही. तिला म्हणाला, येतेस ना? अगदी गोड. ती जागची हलली नाही, नाहीही म्हणाली नाही. मी दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले. त्याने खोकं ठेवलं, बूट नीट बांधले आणि जिना उतरला.

लेक अजून हसतच होती. मी तिचे दोन्ही गाल धरले. “नको हसूस, बाळा. दार उघडंच आहे.”

तिला ते हसू पुसताच येईना. तेवढ्यात पिटुकलीने माझा हात ओढला आणि विचारलं, “मावशी, आता नाही हसलं तरी चालतं?”

तेव्हा कुठे माझी लेक रडली.