आत्याचा घड आणि रेसिमिक

ब्राह्मीला रसायनशास्त्र तोंडपाठ होतं, पण अनोळखी माणसांपुढे उभं राहिलं की तिची दातखीळ बसायची. नोकरीच्या दोन संधी अशाच हातच्या गेल्या होत्या. आता साताऱ्यातल्या एका कॉलेजात नमुना तास घ्यायचा होता. हाही गेला तर घरचे स्थळं बघायला मोकळे, आणि तिला तर शिकवायचंच होतं.

विषय मिळाला ‘रेसिमिक’. वर्गात दाखवायला तिने घरी द्राक्षांचा एक घड मागितला. आष्ट्याजवळच्या त्यांच्या मळ्यात बेदाण्याची धांदल चालली होती. आक्काताई आत्याने घाईघाईत पिशवी हातात दिली.

"लय गोड माल हाय. सायबास्नी पयलं खायला दे, मग बोल."

वर्ग भरला. मागच्या बाकावर प्राचार्य बसले. ब्राह्मीने घड टेबलावर ठेवला, फळ्यावर शब्द लिहिला आणि नेहमीप्रमाणे सगळं विसरली. पोरं एकमेकांकडे बघू लागली. प्राचार्यांना दया आली असावी. ते पुढे आले आणि त्यांनी एक द्राक्ष तोडून तोंडाकडे नेलं.

तेवढ्यात तिला द्राक्षांवरची तेलकट चकाकी दिसली. आत्याने वाळत घालायचा घड दिला होता!

"आवं सर, खाऊ नगासा! औषधात बुडवलाय त्यो!"

वर्ग खो खो हसला. प्राचार्यांनी द्राक्ष झटकन खाली ठेवलं. "कसलं औषध?"

हे तर घरचंच काम. पोटॅशियम कार्बोनेट आणि तेलाच्या पाण्याने सालीवरचं मेण सुटतं, बेदाणा लवकर वाळतो, असं सांगता सांगता तिची भीती कुठल्या कुठे पळाली.

"आपण द्राक्षं वाळवतो, युरोपात रस आंबवतात. तिथल्या पिंपांच्या तळाच्या साक्यातून एक आम्ल मिळालं. लॅटिनमध्ये द्राक्षाच्या घडाला रेसिमस म्हणतात, म्हणून ते रेसिमिक. पुढं कळलं, त्यात दोन प्रकारचे रेणू निम्मे निम्मे असतात. आपल्या डाव्या-उजव्या हातांसारखे. एक ध्रुवीकृत, म्हणजे एकाच पातळीत कंप पावणाऱ्या प्रकाशाला डावीकडं वळवतो, दुसरा उजवीकडं. एकत्र असले की प्रकाश सरळच जातो. आता अशा कुठल्याही मिश्रणाला रेसिमिकच म्हणतात, त्यात द्राक्षाचा थेंब नसला तरी!"

घंटा झाली तरी कुणी उठेना. पुढच्या बाकावरच्या सृष्टीने विचारलं, "मॅडम, उद्यापण तुम्हीच येणार ना?"

ब्राह्मीने प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्य रुमालाला बोटं पुसत म्हणाले, "उद्या नाही. सोमवारपासून."

आनंदाने ब्राह्मीचे डोळे भरून आले. "येते," एवढंच ती कसंबसं म्हणाली.