नमुन्याचा डावा बूट

मित्रांनो, माझ्या मालकांना एकदा एक पत्र आले होते. त्याचे उत्तर त्यांनी कित्येक वर्षे दिले नाही. पत्र माझ्याविषयी होते, म्हणून ते सांगण्याचा थोडाफार अधिकार मला असावा. नक्की म्हणवत नाही. इतकी वर्षे कपाटात काढल्यावर स्वतःच्या बोलण्यावर फारसा भरवसा उरत नाही.

मी एक जुना डावा बूट आहे, उंच उडी मारणाऱ्यांसाठी केलेला. माझा उजवा हरवला असे समजू नका. तो कधी बनलाच नाही. दुकानदारांना दाखवायचा नमुना आमच्या कंपनीत एकाच पायाचा करत. कंपनी सुरू करणारे काका म्हणायचे, "जोडी दिली की दुकानदाराचा मेहुणा ती घालून लग्नाला जाणार. एकच द्या, निमूट परत येतो."

तेव्हा कंपनी म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानामागची एक शेड होती. काकू शिलाई मारायच्या, काका तळ चिकटवायचे. धावण्याची नवी जोडी झाली की काका ती घालून मैदानाला फेरी मारत आणि धापा टाकत परत येऊन तिच्या टाचेला शिव्या घालत. माझ्यावर मात्र त्यांनी जीव लावला. उडी घेताना हाडाला धक्का बसू नये म्हणून माझ्या तळात त्यांनी स्पंजासारखा जाड, हलका थर भरला.

काकांच्या पुतण्याने मला पिशवीत घालून दुकानोदुकानी फिरवले. सगळ्यांनी वाहवा केली. मागणी कुणीच नोंदवली नाही. "उड्या मारणारे असे असतात तरी किती हो?" हा प्रश्न इतक्यांदा ऐकला की शेवटी मलाही तो पटू लागला. माझ्यासारखे बूट बाजारात कधी आलेच नाहीत.

एका दुकानात कुबडी घेतलेल्या एक तरुण बाई आल्या. उजवा पाय अपघातात गुडघ्यापासून गेलेला. तरी त्या एका पायावर उंच उडी मारत, अनवाणी. त्यांनी मला उचलले, न विचारता पायात घातले, कुबडी भिंतीला टेकवली आणि तिथेच दोन उड्या मारल्या. माझ्या तळाला जमीन लागली ती तेवढीच.

"टाच दुखली नाही," त्या म्हणाल्या. "हा मला द्या."

"नमुना विकत नसतो, ताई," पुतण्या म्हणाला. "शिवाय याला उजवा नाही."

"उजव्याचं मी काय करू? लोणचं घालू?"

दुकानदार हसला, पुतण्याही हसला. "कंपनीला लिहा," असे म्हणून त्याने मला पिशवीत टाकले.

बाईंनी लिहिले. टाच सुजली आहे, डॉक्टर उड्या बंद करा म्हणतात, पुढच्या हंगामात स्पर्धा आहे, तो एकटा बूट मला द्या. काकांनी जेवणाच्या सुट्टीत पत्र मोठ्याने वाचले.

"देऊन टाकू रे. इथे तरी कोण घालतंय त्याला?"

"एकीला दिला की उद्या रांग लागेल, काका. धर्मशाळा काढलीय का आपण?"

काका बराच वेळ एकच घास चघळत राहिले. मग म्हणाले, "बघू."

मित्रांनो, 'बघू' हा शब्द 'नाही'पेक्षा वाईट. नाही म्हटले तर माणूस दुसरे दार तरी ठोठावतो. पत्र खणात गेले आणि मी काचेच्या कपाटात.

पुढे पुतण्याला मोठा शोध लागला: पळणाऱ्यांपेक्षा पळाल्यासारखे दिसू इच्छिणारे लोक कितीतरी जास्त असतात. कंपनी त्यांच्यासाठी बूट करू लागली आणि भरभराटली. शेड गेली, इमारत आली. मग शिलाईची यंत्रे विकली. बूट बाहेरून बनून येऊ लागले, आमचा फक्त शिक्का. काका गेले. पाहुणे कपाटापुढे उभे राहून "वा, किती जपलंय!" म्हणत. मला जपले नव्हते, नुसते ठेवले होते. बिनवापराने माझ्या तळातला तो थर आतल्या आत भुसभुशीत होत गेला. वरून चकचकीत, आत पीठ.

मागच्या आठवड्यात कंपनीच्या जाहिरातींचे काम पाहणाऱ्या मुलीला खणात ते पत्र सापडले. "साहेब, हे तर सोनं आहे! बूट भेट पाठवू, फोटो छापू." तिने फोन लावून चौकशीही केली. "बाई आहेत अजून, त्याच पत्त्यावर. म्हणाल्या, उड्या कधीच सुटल्या, पण पाठवा, घालून बघते."

म्हाताऱ्या पुतण्याने मला हातात घेतले. त्याचा अंगठा माझ्या टाचेत रुतला. टेबलावर पिवळा भुगा सांडला. तो त्याने हळूच फुंकून टाकला.

"ठीक आहे ना, साहेब?"

"दिसायला ठीक आहे," तो म्हणाला आणि तिने लिहून आणलेल्या उत्तरावर सही केली.

मित्रांनो, कुणी तुमच्याकडे काही मागितले आणि ते तुमच्याकडे नुसते पडून असेल, तर आजच द्या. द्यायचे नसेल तर नाही म्हणा, पण तेही आजच. माझे सोडा. मी आता खोक्यात आहे, छातीवर ते उत्तर आणि भोवती गुलाबी फीत. बाई एका पायावर उभ्या राहतील आणि सगळा भार माझ्यावर टाकतील. बाई, मला घालू नका. पण खोक्यातून आवाज बाहेर जात नाही. पोस्टातल्या कारकुनाने खोके वजनकाट्यावर ठेवले, "हलकं आहे हो," असे म्हणत शिक्का मारला आणि मागच्या पोत्यात टाकून दिले.