बारा मेंढरांचं खोकं

"याला दहापर्यंतसुद्धा मोजता येत नाही, मावशी. मी तरी काय करू?" असं म्हनून त्या ऋषिकेश सरानं माउलीच्या नावाम्होरं फुली मारली आन् मोबाइल बघत बसला. थू त्याच्या साहेबकीवर!

मी सगुणा, तुकाबाईची शेजारीन. पिरंगुटच्या ज्या कंपनीत माउलीची ही नोकरी हुती, तितंच झाडलोट करते. माउली तुकाबाईचा लेक. तीस वर्साचा गडी, डोस्कं जरा मंद, पर कामाला वाघ. असल्या मानसांना कामाला लावायचं, शिकस्तोवर पाठीशी हुबं ऱ्हायचं, ह्याचाच तर सर पगार खातो. जॉब कोच म्हनत्यात त्याला. खोक्यात बारा बाटल्या भरायच्या, आठ दिस बघून पक्कं करायचं, असं ठरल्यालं. ह्यो बाबा पयल्या दिशी फोटू काढून गेला, त्यो सातव्या दिशी तुकाबाईच्या दारात फुली माराय उगवला.

"मोजता येत न्हाई?" तुकाबाई उसळली. "साठ मेंढरं राखली ह्यानं! एक कोकरू मागं ऱ्हायलं तर घास उतरत नव्हता ह्येच्या घशाखाली. तुमच्या शेरातल्या लोकांनी डोंगराला तारा घातल्या, म्हनून इकली मेंढरं."

"मावशी, तिथं बाटल्या आहेत, मेंढरं नाहीत. उद्याचा एक दिवस आहे, बघा." गेला की निघून!

तुकाबाईनं माझ्या घरनं बारा खनांचं खोकं नेलं, रिकाम्या बाटल्या गोळा केल्या. "ही काळी. ही बांडी. ही कानतुटी..." एकेका खनाला एकेक मेंढराचं नाव. दिवस मावळंस्तोवर मायलेक त्येच करत हुती. म्या हळूच एक बाटली काढून पदराआड धरली, तर माउली घाबराघुबरा.

"भोरी कुटं गेली?"

दुसऱ्या दिशी शंभर खोकी भरली त्यानं. एक चुकलं न्हाई. नोकरी पक्की!

महिन्यानं कंपनीत सत्कार. कुनाचा? ऋषिकेश सराचा! शाल खांद्यावर घिऊन म्हनतो, "माउलीसाठी मी स्वतः नवी पद्धत शोधली." आयत्या बिळावर नागोबा! झाडू हातात हुता माझ्या, त्यो तितंच आपटला. तुकाबाई नव्या लुगड्यात फाटकाभाईर हुबी. तिला पास न्हाई म्हनं.

चार दिसांनी सत्काराचा फोटू काचंत बसवून आला. कंपनीच्या मोठ्या साहेबानं त्यो माउलीच्या हातात दिला.

"काय माउली, झकास ना?"

माउलीनं एकेका तोंडावरनं बोट फिरवलं. दोनदा फिरवलं.

"एक कमी हाय," म्हनला. "आय कुटंय?"

 मंग त्यानं फोटू उचलला आन् कमी भरल्याली खोकी परत धाडत्यात, त्या थप्पीवर नेऊन ठिवला.