ओटी आणि कागद

गेल्या वर्षी बाळासो मानेसर बोलणी करायला गेले आणि फेटा बांधून परत आले.

कवठे महांकाळच्या त्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारे तेव्हा तेरा जण होते. त्यांची नेमणूक दर जूनला नव्याने व्हायची. संस्थेचे अध्यक्ष उदयसिंह, म्हणजे सगळ्यांचे आबा, एकेकाला बंगल्यावर बोलावत, चहा पाजत आणि मर्जी असेल तर ऑर्डर हातात देत. मानेसर गेले तेव्हा आबांनी आधी त्यांचा सत्कार केला. ज्याने आपल्या डोक्याला फेटा बांधला, त्याच्याशी हुज्जत कशी घालायची? मागण्यांचा कागद खिशातच राहिला. त्या जूनला दोघांना ऑर्डर मिळालीच नाही. उरले अकरा.

यंदा अकराही जणांनी सांगलीच्या प्राध्यापक संघटनेत नावं घातली आणि सुरेखा मगदूमला प्रतिनिधी निवडलं. मिरजेहून रोज एसटीने येऊन ती सात वर्षं मराठी शिकवत होती. सगळ्यांच्या ऑर्डर एका यादीने, एकाच दिवशी कॉलेजच्या बोर्डावर लावायच्या आणि कुणाला कमी करायचं तर आधी संघटनेशी बोलायचं, एवढंच कागदात होतं. बोलणं फिसकटलं तर पहिलं नाव आपलंच कटणार, हे तिला ठाऊक होतं. तरी बोलणीच्या आदल्या रात्री तिला चांगली झोप लागली, कारण प्रत्येकाकडून तिने शब्द घेतला होता की बंगल्यावर एकट्याने जायचं नाही. त्या आठवड्यात दोघांना बोलावणं आलं होतं. दोघंही गेले नव्हते.

प्राचार्यांच्या खोलीत अकरा जण शिरले तर आबांच्या शेजारी त्यांच्या पत्नी शालूबाई बसलेल्या. पुढ्यात ताट होतं आणि ताटात खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकू.

"बस लेकी," आबा म्हणाले. "बोलणी करायला पैल्यांदा आलीयास. आदी ओटी, मग बोलणं."

मानेसरांनी मान खाली घातली. भरली ओटी नाकारणारी बाई या मुलखात अजून जन्मायची होती. सुरेखाने पदर पसरला, शालूबाईंनी ओटी भरली आणि सुरेखा त्यांच्या पाया पडली. आबा खुर्चीत सैल झाले. मग त्यांनी टेबलाच्या खणातून एक पाकीट काढून तिच्यापुढे सरकवलं. तिची ऑर्डर तयार होती, सहीशिक्क्यासकट. बाकीच्यांचं सवडीने बघू, असं ते मायेने म्हणाले.

सुरेखाने नारळ पदरात नीट बांधला, पाकीट मागे सरकवलं आणि त्याच्यावर कागद ठेवला.

"आबा, ओटी काकूंची. ती मी घरी नेणार. हा कागद अकरा जणांचा आहे, तो ओटीत मावत नाही."

आबांचा चेहरा ताठ झाला. लेक म्हणवून घ्यायचं आणि वर भांडायचं, ही कुठली रीत, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, भांडत नाही, बोलायला आले. आज बोलणं झालं नाही तर उद्यापासून अकरांपैकी एकही जण तासाला जाणार नाही, तशी संघटनेची नोटीस तिने सोबत आणली होती. पुढच्या आठवड्यात विद्यापीठाची तपासणी समिती यायची होती. प्राचार्यांनी आबांकडे पाहिलं आणि रुमाल काढला.

शालूबाईंनी रिकामं ताट उचललं.

"माझी ओटी तुमी तोंड बंद करायला भरायला लावली व्हय? मला सांगितलं न्हाई त्ये," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "करा सही. पोरगी कायबी वंगाळ मागत न्हाई."

आबांनी कागद दोनदा वाचला. 'संघटनेशी' खोडून 'प्रतिनिधीशी' करू का, म्हणाले. सुरेखाने मागे वळून दहा जणांना विचारलं, कुणीच होकार दिला नाही. "जसं आहे तसंच राहू द्या," ती म्हणाली. आबांनी सही केली.

बाहेर आल्यावर मानेसरांनी कागदावरची अकरा नावं बोटाने एकेक करून वाचली.

"मला गेल्या वर्षी असं बोलायला कसं सुचलं नाही?"

"तुम्ही एकटेच गेला होता सर," सुरेखा म्हणाली, "आणि फेटा पार कानावर आला होता."

मानेसर सगळ्यांच्या आधी हसले.