मावशींची डोळेतपासणी

या परक्या देशात उतरणाऱ्या आपल्या प्रत्येक माणसाला विमानतळावरून घरी आणायचं, ही मावशींची पद्धत. बोलवा न बोलवा, मावशी गाडी घेऊन हजर. चष्मेवालीलाही त्यांनीच आणलं होतं. वाटेत चाक फूटपाथवर चढलं खरं, पण नंतर मावशींनी तिला गरम जेवू घातलं, खोली मिळवून दिली, चष्म्याच्या दुकानात शब्द टाकला. एवढ्या मायेपुढे चाकाचं काय घेऊन बसायचं?

पुढे स्वतःचं दुकान झालं, तेव्हा चष्मेवालीने इथल्या मराठी मंडळातल्या सगळ्या ज्येष्ठांचे डोळे फुकट तपासायला घेतले. आपल्यासाठी एवढं झालं, आपणही काही करावं. पहिला मान मावशींचा.

"आधी बाकीच्यांचं होऊ दे गं. मला काय धाड भरलीय?" म्हणत मावशी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहिल्या आणि एकेकाची चेष्टा करत राहिल्या.

त्यांची पाळी आली. चष्मेवालीने पडद्यावरची अक्षरं बदलली. मावशींनी ती शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणून दाखवली. फक्त ती मघाची, बाकीच्यांनी वाचलेली होती.

"मावशी, तक्ता बदललाय."

"बदललास कशाला? चांगला होता की!"

चष्मेवालीला हसू आलं. मग तिने यंत्रातून पाहिलं आणि हसू गेलं. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांवर, बरोबर मधोमध, डाग होते. चष्म्याने सुधारण्यातलं ते नव्हतं. आणि शनिवारी मावशी एका नव्या जोडप्याला आणायला निघणार होत्या, तान्ह्या बाळासकट.

तिने खुर्ची जवळ ओढली. "डॉक्टरांकडे मी नेते तुम्हाला. पण गाडी आता चालवायची नाही."

"तुला इथे कुणी आणलं?"

"तुम्ही."

"कुठे आपटलीस?"

"नाही."

"मग?"

"मी डोळे मिटून बसले होते, मावशी."

मावशी पर्स उचलून चालत्या झाल्या.

संध्याकाळपर्यंत मंडळभर झालं. खजिनदारकाकांचा फोन आला. "ज्यांनी हात दिला त्यांच्याशी असं वागतात का?" मग आवाज उतरला. "बरं केलंस पोरी. आमची ही त्यांच्या गाडीत बसली की उतरेपर्यंत माझा हात सोडत नाही." असे बरेच फोन आले. चारचौघांत ती कृतघ्न, फोनवर देवमाणूस. मावशींशी बोलायला मात्र कुणी पुढे होईना. सगळेच त्यांचे फार ऋणी होते.

शुक्रवारी मंडळाची बैठक होती. शनिवारी गाडी कोण नेणार, हे विचारायचं ठरवून चष्मेवाली गेली, तर मावशीच उभ्या राहिल्या.

"मी ठरवलंय, आता तरुणांना संधी द्यायची. नव्या माणसांना आणायचं काम मी हिच्यावर सोपवते. हिच्याही हातून काही घडू दे. किती दिवस नुसतं घेत राहणार?"

टाळ्या पडल्या. खजिनदारकाकांच्या सगळ्यात मोठ्या.

डागांबद्दल एक वाक्य बोलणं चष्मेवालीला सहज शक्य होतं. मावशींनी किल्ली पुढे केली, ती तिच्या हाताच्या बऱ्याच डावीकडे. चष्मेवालीने पटकन तळवा सरकवून किल्लीखाली धरला.

"तुमचे फार उपकार आहेत, मावशी," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

"उपकार कसले त्यात? पण जपून चालव हो. तुला सवय नाही."