दोनच्या आकड्यावरचा लाल ठिपका

डेल्मरच्या फायद्याचा हिशेब सरळ होता. शेजारणीची गवत कापायची गाडी अर्धा दिवस मागून आणायची, घरापुढचं गवत कापून काढायचं, म्हणजे नातीची शाळा संपल्याच्या शनिवारच्या मेजवानीला येणारं गाव म्हणणार, "डेल्मरचं अंगण बघा, गालिचा अंथरलाय." वर टाकी भरून गाडी परत करताना उदार म्हणून नाव होणार ते वेगळं. खर्चाच्या बाजूला काहीच नव्हतं. निदान त्याला दिसत नव्हतं.

मला दिसत होतं. मित्रांनो, मी गाड्यांच्या बॅटऱ्या भरणारा एक जुना चार्जर आहे. हिरव्या पत्र्याचं अंग, उचलायला मूठ, पोटातून निघालेल्या दोन वायरी आणि त्यांच्या टोकांना एक लाल, एक काळा चिमटा. तोंडावर एक खटका आणि एक काटा, जो बॅटरी भरत आली की खाली उतरतो. खटक्याच्या जागा तीन : दोन, दहा, पन्नास अँपिअर. दोनवर मी बॅटरीला घोटघोट पाजतो. दहावर घटाघटा. पन्नास म्हणजे थंडीत अडून बसलेला ट्रक हलवण्यापुरता एक धक्का. माझ्यात उणीव एकच. कुठे थांबायचं ते मला कळत नाही. हल्लीचे चार्जर बॅटरीचं पोट भरलं की आपणहून हात आखडता घेतात. मी जुन्या घडणीचा. खटका जिकडे, तिकडे माझी निष्ठा.

कारखान्यात मी पुष्कळ भावंडांसारखाच एक होतो. मला माणसात आणलं ऑरिन टॉलेफ्सनने, मिनेसोटातल्या नॉर्डल नावाच्या गावात. त्याचे ट्रॅक्टर मी ऐन बर्फात जागे केले. शेजारपाजारचे लोक मला उसना न्यायचे आणि परत देताना पाठीवर थाप मारायचे. पुढे शेत विकलं, ट्रॅक्टर गेले आणि माझ्या वाट्याला गवताच्या गाडीची चिमुकली बॅटरी आली. तेव्हा ऑरिनने बायकोच्या नखांचा लाल रंग आणून दोनच्या आकड्यावर ठिपका दिला. "हिचं पोट पाखराचं," तो बायकोला, व्हर्नाला म्हणाला. "हिला दोन. काटा खाली आला की बंद. विसरलीस तर ही उकळून मरेल."

त्या गाडीने ऑरिन चर्चमागच्या दफनभूमीचं गवत कापायचा. मग तोही त्याच गवताखाली गेला आणि गाडीवर व्हर्ना बसली. त्या कामातच तिचा जीव होता. पण चर्चच्या समितीचा प्रमुख लॉइड याच्या डोक्यात मोठ्या यंत्राचा एक कंत्राटदार होता. वसंतातल्या बैठकीत तो गोड आवाजात म्हणाला होता, "सैनिकांच्या स्मरणाच्या सोमवारी लोक फुलं घेऊन येतात. शनिवारपर्यंत गवत झालं नाही, तर पुढे व्हर्नाला आपण उगाच त्रास द्यायला नको." व्हर्नाने मान डोलावली. त्या गावात भांडण असंच करतात.

त्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी शेजारचा डेल्मर कुंपणापाशी आला.

"व्हर्ना, तुझी गाडी मिळेल का गं दुपारपर्यंत? माझ्या गाडीचा पट्टा तुटलाय. नाही म्हणालीस तरी चालेल."

असं म्हटल्यावर त्या गावात नाही म्हणायची सोय उरत नाही.

"ने की. उद्या मला चर्चमागे लागेल, तेवढं ध्यानात ठेव."

आता तिथली एक रीत ऐका. उसनं आणलेलं काही तिथे रिकामं परत करत नाहीत. भांडं नेलं तर त्यात वड्या घालून देतात, गाडी नेली तर टाकी भरून. डेल्मरने गवत कापलं, पेट्रोल काठोकाठ भरलं आणि गाडी व्हर्नाच्या शेडमध्ये आणली. व्हर्ना चर्चच्या तळघरात कप विसळायला गेली होती. डेल्मरला वाटलं, टाकी भरली तशी बॅटरीही भरून द्यावी. खरं तर गाडी चालते तेव्हा बॅटरी आपसूक भरत असते. तिला कशाचीच भूक नव्हती. पण त्याने मला खुंटीवरून काढलं, चिमटे लावले आणि ठिपक्याकडे पाहून हसला.

"दोन? ऑरिन, लेका, मेलास तरी चिक्कूपणा सुटला नाही तुझा."

आणि खटका दहावर नेला. तेवढ्यात मेजवानीचा तंबू घेऊन माणसं आली, तो तिकडे धावला आणि मला विसरला. मी देत राहिलो, ती घेत राहिली. दुपार टळली तशी ती इतकी तापली की अंगाला हात लावणं कठीण झालं. मग नासक्या अंड्यासारखा वास सुटला. संध्याकाळी डेल्मरला आठवण झाली. येऊन त्याने भिंतीतली माझी पिन काढली, चिमटे सोडले, नाक मुरडलं, "व्हर्नाच्या शेडमध्ये उंदीर मेलाय वाटतं," असं पुटपुटला आणि समाधानाने घरी गेला.

शनिवारी व्हर्नाने किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. तेही नाही. तिने बैठक उचलून पाहिलं. गालगुंड झाल्यासारखी बॅटरी दोन्ही बाजूंनी फुगली होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं. खटका अजून दहावरच होता. तिने तो हलकेच दोनवर आणला.

नेमका तेव्हाच लॉइड आला.

"होतंय ना आज, व्हर्ना? नाही, घाई नाही. तो माणूस मोकळा आहे, एवढंच सांगायला आलो."

"होतंय."

"गाडी सुरू दिसत नाही."

"बॅटरी म्हातारी झाली."

बॅटरी गेल्याच वर्षाची होती. बिचारीने हा आळही मुकाट्याने घेतला.

एवढ्यात डेल्मर रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्यांची बशी घेऊन आभार मानायला आला. त्याला आधी वास आला, मग बॅटरी दिसली, मग मी. त्याने बशी बाकावर ठेवली आणि मागे फिरला.

"वड्या ठेवून पळालाच की हा," लॉइड म्हणाला.

पळाला नव्हता. पाना आणि पट्टा तुटलेल्या स्वतःच्या गाडीची बॅटरी घेऊन तो परत आला. "मापाची आहे. पण हिवाळाभर पडून होती. अर्धपोटी असेल."

"मग लाव दहावर," लॉइड म्हणाला. "नाही तर पन्नासवर टाक आणि मार धक्का. गवत काय तुमच्यासाठी थांबणार आहे?"

"बॅटरी डेल्मरची आहे, लॉइड," व्हर्ना शांतपणे म्हणाली. "मागून आणलेली वस्तू मी शिजवून परत करत नाही."

डेल्मरचे कान लाल झाले. त्याने चिमटे लावले, खटका ठिपक्यावर आहे ना ते वाकून पाहिलं आणि बादली पालथी घालून माझ्यासमोर बसला.

"तू जा," व्हर्ना म्हणाली. "तुझ्याकडे पाहुणे येतील."

"येऊ देत. हॅमचे पाव खायला त्यांना मी लागत नाही."

पाहुणे आले. कुंपणापलीकडून आवाज ऐकू येत होते. "काय अंगण ठेवलंय डेल्मरने. गालिचा नुसता." ज्या वाक्यासाठी एवढा खटाटोप, ते त्याने शेडमध्ये बादलीवर बसून ऐकलं. नात बोलवायला आली.

"आजोबा, केक कापतोय आम्ही."

"कापा गं. काटा खाली आला की येतो."

काटा मी माझ्या चालीने उतरवला. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्या तोंडाकडे कुणी एवढं एकटक पाहिलं नव्हतं.

दुपार कलल्यावर व्हर्नाने गाडी सुरू केली. एका किल्लीत. चर्चच्या मनोऱ्याची सावली लांब पडेपर्यंत ती एकेका रांगेतून फिरली. ऑरिनचा दगड तिने शेवटी ठेवला आणि त्याच्या कडेचं गवत खाली उतरून हाताने कापलं. लॉइड येऊन बुटाच्या टोकाने गवत चाचपून गेला. नाव ठेवायला जागा सापडली नाही. पुढच्या वर्षीही काम व्हर्नाकडेच राहिलं.

डेल्मरने आपली बॅटरी परत घेतली नाही. व्हर्नाने तीनदा देऊ केली, त्याने तीनदा नको म्हटलं, म्हणजे रीतीप्रमाणे प्रकरण मिटलं. जाताना त्याने नातीकडून नखांचा रंग मागून आणला आणि माझा पुसट झालेला ठिपका पुन्हा ठळक केला.

मित्रांनो, भरभरून द्यायला नुसता हात पुरतो. समोरच्याचं पोट केवढं, हे बघायला थांबावं लागतं. माझ्यासारख्या मुक्या, आज्ञाधारक वस्तूला हात लावाल तेव्हा आधी ठिपका कुठे आहे ते बघा. तो कुणीतरी विचार करून लावलेला असतो.

आता हिशेब. लॉइडचा कंत्राटदार गेला. डेल्मरची बॅटरी गेली आणि नातीच्या केकची वेळ गेली. व्हर्नाने फक्त अर्धा दिवस दिला. आणि जिला भूकच नव्हती, ती फुगलेली बॅटरी दुकानामागच्या भंगारात गेली. सगळ्यात जास्त किंमत तिनेच भरली, आणि तिचे आभार मानायला वड्यांची बशी घेऊन कुणी गेलं नाही.